नव्या घराचे पाणी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधताना माणूस मेटाकुटीला येतो. वीट आणा, वाळू आणा, गवंड्याच्या मागे हिंडा. शेवटी एकदाचे घर उभे राहते. दाराला तोरण लागते. आपण म्हणतो, सुटलो बुवा!

पण घराची खरी परीक्षा पुढेच असते. ती परीक्षा पाऊस घेतो.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गृहस्थ येतात. सारे गाव त्यांना तात्या म्हणते. भीमेच्या खोऱ्यात, एका माळाच्या पायथ्याशी त्यांची थोडी जागा आहे. तिथे त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले. विटांच्या भिंती, वर पत्रा. घरासाठी एक म्हैस विकली. काकूंच्या हातच्या पाटल्या गेल्या. थोडे कर्जही झाले. अक्षय तृतीयेला वास्तुशांत केली. आम्हीही जेवायला होतो.

मग मृग निघाला. एका रात्री पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी तात्या वर्गाला आले नाहीत. म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो.

पाहतो तर मागच्या भिंतीला टेकून तळे साचलेले. जोत्याशेजारची माती खचून हात जाईल एवढी घळ पडलेली. आत भिंतीला गुडघ्याएवढी ओल. जोंधळ्याचे पोते बुडातून भिजलेले. काकू सुपाने पाणी बाहेर काढत होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "पाटल्या मोडल्या त्या ह्या चिखलासाठी का हो?"

तेवढ्यात पलीकडून बापूंचा आवाज चढला. तात्यांच्या पत्र्याचे सारे पाणी बापूंच्या गोठ्यात उतरले होते. त्यांचा कडबा भिजला होता. "तात्या, घर तू बांधलंस, अन् पाणी माझ्या डोक्यावर का?" असे ते विचारत होते. दोघे लहानपणापासूनचे सोबती. पण त्या दिवशी बोलणे तुटायची वेळ आली.

तात्या म्हणाले, "गवंड्यानं शिमीट कमी घातलं असणार. दुसरं काय?"

आमच्याबरोबर गावातले एक म्हातारे गवंडी होते. त्यांनी घराला एक फेरी मारली. भिंतीवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "शिमीट चांगलं हाय, तात्या. घर बी चांगलं हाय. पर पाण्याला वाट ठेवली न्हाईस. पाण्याला वाट दिली न्हाई, तर ते आपली आपण वाट काढतंय. मग ते घर बघत न्हाई अन् गोठा बी बघत न्हाई."

आजच्या पाठात आपण हेच शिकणार आहोत. घराच्या पाण्याला वाट कशी द्यावी?

पाणी कुठून येते?

घराला पाणी चार बाजूंनी गाठते.

पहिले पाणी छपरावरचे. पत्रा असो, कौले असोत की स्लॅब असो, त्यावर पडलेले पाणी खाली येणारच.

दुसरे पाणी उताराचे. घराच्या वरच्या अंगाला माळ असतो, शेत असते, रस्ता असतो. तिकडचे पाणी वाहत येते.

तिसरे पाणी आपल्याच घरातले. मोरीचे, भांडी घासल्याचे, धुण्याचे. ते तर बारा महिने असते.

चौथे पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते जमिनीतून वर चढते. दिव्यात वात असते ना? तेल खाली असते आणि वातीतून वर चढते. तसेच ओल्या जमिनीतले पाणी विटांतून आणि मातीतून भिंतीत वर चढते. मग गिलाव्याला पोपडे येतात. पांढरा लोणा फुटतो. भिंत आतून पोकळ होत जाते. असल्या घरात अंथरूण दमट राहते, धान्याला बुरशी येते, आणि लहान मुलांचा खोकला हटत नाही.

पहिल्या तीन पाण्यांना वाट दिली, तर चौथे आपोआप कमी होते. पायाशी पाणीच उभे राहिले नाही, तर भिंत ते पिणार कुठून?

थोडा हिशेब करू

पाणी किती येते याचा अंदाज आपल्याला नसतो. वर्गात आपण गुणाकार शिकलो. तो आता कामाला लावू.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा घ्या. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. हे सोपे माप लक्षात ठेवा.

तात्यांचे छप्पर २० फूट लांब आणि १५ फूट रुंद आहे. म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. आता २८ ला २५ ने गुणा. ७०० आले. म्हणजे एक इंच पावसात तात्यांच्या छपरावरून ७०० लिटर पाणी खाली येते. १५ लिटरची घागर धरली, तर ४६-४७ घागरी झाल्या!

तात्यांचे छप्पर एकपाखी. सारा उतार बापूंच्या बाजूला. म्हणजे एका सरीत ४६ घागरी बापूंच्या गोठ्यात. बापू ओरडले ते उगीच नाही.

आता माळाचे पाणी पाहू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्यावर एक इंच पाऊस पडला तर अडीच हजार लिटर झाले. त्यातले निम्मे मुरले असे धरू. उरलेले सव्वा हजार लिटर खाली धावते. ते एका गुंठ्याचे. घरामागे दहा गुंठे माळ असला तर किती होईल? हे गणित तुम्हीच करा.

देशावर सोलापूरकडे वर्षाला वीस-तीस इंच पाऊस पडतो. कोकणात शंभर इंचांहून जास्त. म्हणून कोकणातल्या माणसाला ही विद्या जन्मापासून ठाऊक असते. त्याचे जोते उंच, छपराचा उतार मोठा, वळचण पुढे आलेली. देशावर आपण म्हणतो, आपल्याकडे पाऊस आहेच कुठे? पण आपला पाऊस पुष्कळदा एकाच रात्री धो धो पडतो. वर्षाचा पाऊस थोडा असला, तरी घर पाडायला एक रात्र पुरते.

जोते आणि भराव

घराचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच असावे. सखल जागेत दोन फूट किंवा त्याहून जास्त. बांधण्यापूर्वी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे, "इथं पाणी कुठवर चढलेलं तुम्ही पाहिलं?" त्याच्या वर जोते ठेवावे. यासाठी पैसे पडत नाहीत, फक्त विचारावे लागते.

नव्या घराला एक खास धोका असतो. तो जुन्या घराला नसतो. पाया घेताना आपण रुंद चर खणतो. भिंत वर आली, की बाजूची रिकामी जागा मातीने भरतो. घाईत काय करतो? फावड्याने माती ढकलतो आणि वरून पाय देतो. ती माती भुसभुशीत राहते. पहिला पाऊस आला की ती खचते. भिंतीशी खड्डा पडतो. त्यात पाणी साचते आणि थेट पायाशी जाते. तात्यांच्या घराशी पडलेली घळ अशीच पडली होती.

म्हणून हा भराव थराथराने घालावा. सहा इंचांचा थर टाकावा, थोडे पाणी मारावे, आणि धुमसाने चांगला चोपावा. मग दुसरा थर. वर मुरूम घालून तोही चोपावा. ज्यांचे घर बांधून झाले आहे, त्यांनी खचलेली जागा उकरून पुन्हा अशी भरावी.

घर बांधून उरलेल्या विटा, खडी, वाळूचा ढीग यांच्याकडेही पाहा. ते पाण्याच्या वाटेत आडवे पडलेले असतात. पाऊस येण्यापूर्वी ते हलवा.

अंगणाचा उतार

अंगणातले पाणी घरापासून दूर जायला हवे. त्यासाठी अंगणाला उतार द्यावा. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच खाली उतरली पाहिजे. डोळ्यांना हा उतार फारसा कळत नाही, पण पाण्याला तो बरोबर कळतो.

उतार कसा मोजावा? गवंड्याजवळ पाणसळ असते. साधी पारदर्शक नळी पाण्याने भरली तरी काम होते. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी नेहमी एका पातळीत राहते. एक टोक भिंतीशी धरा, दुसरे दहा फुटांवर. मग दोन्हीकडे पाण्यापासून जमीन किती खाली आहे ते मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे उतार. काहीच नसेल, तर भिंतीशी एक घागर पाणी ओता आणि पाहा. ते घरापासून दूर पळाले, तर उतार ठीक. जागीच उभे राहिले, तर काम बाकी आहे.

भिंतीला लागून सभोवती तीन फूट रुंद पट्टा पक्का करावा. फरशी, दगड किंवा सिमेंट काँक्रीट, जे जमेल ते. त्यालाही बाहेरच्या बाजूला उतार हवा. पैसे नसतील तर मुरूम चोपून घ्यावा. पण भिंतीशी फुलझाडांचा वाफा करून रोज पाणी घालू नये. अंगण शोभते, पण पाया भिजतो.

पागोळ्या

जुन्या घरांची वळचण पुढे आलेली असे. पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. आता पत्रा वाचवायला आपण तो भिंतीबरोबर कापतो. मग पागोळ्या भिंतीच्या मुळाशी पडतात. खालून चिखल उडतो आणि भिंत भिजते. म्हणून पत्रा किंवा कौले भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट आलेली असावीत.

पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीवर ओळीने खळगे पडतात. त्या ओळीवर दगड किंवा जाड खडी पसरा. म्हणजे माती उकरली जाणार नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे पन्हळ. छपराच्या कडेला पन्हळ लावावी. ती एका टोकाला किंचित उतरती ठेवावी. तिथून नळीने पाणी खाली आणावे. नळीच्या तोंडाखाली दगड ठेवावा, आणि तिथून पाणी चरीत सोडावे. दर उन्हाळ्याच्या शेवटी पन्हळ साफ करावी. पालापाचोळ्याने तुंबलेली पन्हळ भिंतीवरच पाणी सांडते.

पन्हळ लावली की आणखी एक लाभ होतो. पाणी साठवता येते. एखाद्या वर्षी २० इंच पाऊस झाला, तर तात्यांच्या छपरावर १४ हजार लिटर पाणी पडते. सारे नाही, पण काही तरी पिंपात धरता येईल. ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबईजवळ कान्हेरीची लेणी आहेत. तिथे भिक्षूंनी शेकडो वर्षांपूर्वी खडकात पाट कोरून पावसाचे पाणी टाक्यांत आणले होते.

पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी मात्र धरू नये. त्यात छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. पिंपाला घट्ट झाकण हवे. हे पाणी धुण्याला, गुरांना, झाडांना चांगले. पिण्यासाठी घ्यायचे असेल, तर गाळून, उकळून घ्यावे.

माळाचे पाणी वळवा

उताराच्या पाण्यापुढे भिंत घालून भागत नाही. ते साचते, चढते आणि भिंतच लोटते. त्याला अडवू नये, वळवावे.

घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून सहा ते दहा फूट लांब, एक चर खणावी. ती घराला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली उतरली पाहिजे. नांगराच्या बैलाची शिंगे कशी असतात, तसा तिचा आकार. खोली एक फूट, वरची रुंदी दीड फूट. निघालेली माती घराच्या बाजूला टाकून तिचा लहान बांध करावा. ती वरच्या बाजूला टाकली, तर पुढच्या पावसात पुन्हा चरीत येते.

चरीला दर दहा फुटांना एक ते दोन इंच उतार पुरे. उतार कमी झाला, तर गाळ बसतो. जास्त झाला, तर पाणी चर खरवडते. जिथे उतार जास्त आहे, तिथे तळाला दगड लावावेत. काठावर गवत वाढू द्यावे. गवताची मुळे माती धरतात.

चर कुठे संपणार, हे खणण्यापूर्वी ठरवावे. ओढ्यात, नाल्यात, गावाच्या गटारात किंवा आपल्याच शेतात. शेजाऱ्याच्या अंगणात कधीही नाही.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवली पाहिजे. घर उंच डोंगराच्या अगदी पायथ्याशी असेल, तर चरीवर विसंबून राहू नका. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात माळीण नावाचे गाव होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा त्या गावावर आला. दीडशेवर माणसे दगावली. सतत पाऊस पडत असताना डोंगराला भेगा दिसल्या, झाडे कलली, झऱ्याचे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, तर घरात थांबू नका. माणसे आणि गुरे घेऊन बाहेर पडा, आणि ग्रामपंचायतीला, तलाठ्याला लगेच सांगा. घर पुन्हा बांधता येते.

आपली जमीन कोणती?

मुरमाड जमीन पाणी लवकर पिते. काळी जमीन तशी नाही. काळी माती भिजली की फुगते. वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण पाहतोच. घराखालची माती एका कोपऱ्यात फुगली आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरडी राहिली, तर घराचे काय होईल? भिंत तडकेल. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघेल.

म्हणून काळ्या जमिनीवर घर असेल, तर दुप्पट काळजी घ्यावी. पायाभोवतीची काळी माती काढून तिथे मुरूम भरावा. घराजवळ पाणी मुळीच मुरू देऊ नये. मोठी झाडेही भिंतीशी लावू नयेत. त्यांची मुळे एकाच बाजूची ओल ओढून घेतात.

मोरीचे पाणी

पावसाचे पाणी चार महिन्यांचे. मोरीचे पाणी रोजचे. ते दारात सोडले तर चिखल होतो, डुकरे लोळतात, वास सुटतो.

पहिला चांगला उपाय म्हणजे परसबाग. मोरीचे पाणी नाळीने परसात न्यावे. तिथे केळी, अळू, नारळ लावावा. पाणी एकाच जागी साचू देऊ नये. आज या आळ्यात, उद्या त्या आळ्यात सोडावे.

परसाला जागा नसेल, तर शोषखड्डा करावा. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा खणावा. तळाला मोठे दगड, वर मध्यम दगड, त्यावर खडी भरावी. मधोमध भोके पाडलेले मोठे मडके किंवा टाकी बसवावी. मोरीची नळी त्या टाकीत सोडावी. साबण, खरकटे, गाळ टाकीत राहतो, आणि पाणी भोकांतून दगडांत जाऊन मुरते. टाकीला झाकण हवे. गाळ वरचेवर काढावा, नाही तर खड्डा तुंबतो.

खड्डा घराच्या पायापासून दहा फुटांहून लांब असावा. विहीर किंवा हातपंप पन्नास फुटांच्या आत असू नये. पावसाचे पाणी या खड्ड्यात सोडू नये. एका सरीत तो भरून वाहू लागेल. संडासाच्या खड्ड्यातही पावसाचे किंवा न्हाणीचे पाणी जाऊ देऊ नये. काळ्या जमिनीत शोषखड्डा नीट चालत नाही, कारण ती माती पाणी पीत नाही. तिथे परसबागच बरी.

नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघर असे शोषखड्डे केले. उघडी गटारे गेली, डास कमी झाले. ते पाहायला लांबून लोक येऊ लागले.

साचलेले पाणी आणि डास

पाणी साचले की आणखी एक पाहुणा येतो. तो म्हणजे डास. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टरांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. तेव्हापासून हे नक्की कळले, की हिवताप हवेने येत नाही, तो डासाच्या चाव्याने येतो.

डास पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. सगळे डास घाणीतच होतात असे नाही. हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो. पण डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंप, रांजण, टायर, करवंटी, त्याला काहीही चालते. तो दिवसा चावतो.

म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची सारी भांडी रिकामी करा. घासून कोरडी करा. नव्या घरापाशी बांधकामाचे पिंप, विटा भिजवायचा हौद, सिमेंटची घमेली पडलेली असतात. त्यांत पाऊस साचतो. ती पालथी करून ठेवा.

तात्यांच्या घराचे काय झाले?

त्या दिवशी आम्ही तात्यांना म्हणालो, "पाऊस येईल तेव्हा घरात बसू नका. घोंगडी घ्या, बाहेर उभे राहा आणि पाणी कुठून कुठे जाते ते पाहा. मग वहीत लिहा."

तात्यांनी तसे केले. पुढच्या पावसात ते घराभोवती फिरले. पाणी जिथे थांबले तिथे खुंटी रोवली. रात्री वहीत लिहिले, 'मागची भिंत. ओल दीड वीत. पाणी माळाकडून येते. पत्र्याचे पाणी बापूच्या गोठ्यात.' अक्षरे वाकडीतिकडी होती. पण ती वही घेऊन ते बापूंच्या घरी गेले. म्हणाले, "बापू, चूक माझी हाय. पत्र्याला पन्हळ लावतो. पर माळाचं पाणी दोघांच्या बी घराकडं येतंय. चर एकच खणू."

बापू आधी गप्प राहिले. मग त्यांच्या आई म्हणाल्या, "जा की रे. कडबा भिजला तो वाळंल. तुटलं ते जुळायचं न्हाई."

पाऊस उघडल्यावर दोघांनी मिळून चर खणली. दोन घरांची मिळून एकच, वरून आली आणि ओढ्याला मिळाली. त्यासाठी ग्रामपंचायतीला विचारून रस्त्याखालून एक नळा टाकून घेतला. तात्यांनी मागचा भराव उकरून पुन्हा चोपला. पन्हळ लावली. काकूंनी मोरीच्या पाण्यावर केळी लावल्या.

एका वर्षात सारे झाले नाही. भिंतीची ओल जायला दोन उन्हाळे लागले. खालचा गिलावा काढून पुन्हा करावा लागला. त्याला पैसे पडले. हेच काम घर बांधताना केले असते, तर त्यातले निम्मे पैसे वाचले असते. तात्या आता नव्या घराचा पाया कुठे खणलेला दिसला, की थांबतात आणि विचारतात, "बाबा, पाणी कुठनं काढणार?"

लक्षात ठेवा

१. जोते निदान दीड फूट उंच ठेवा.
२. भिंतीशेजारचा भराव सहा-सहा इंचांच्या थरांनी चोपा.
३. अंगणाला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्या.
४. पागोळ्या भिंतीपासून लांब पाडा. पन्हळ लावली तर उत्तम.
५. वरच्या अंगाला चर खणून माळाचे पाणी वळवा.
६. मोरीचे पाणी परसात किंवा शोषखड्ड्यात सोडा. पावसाचे पाणी शोषखड्ड्यात नको.
७. आपले पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडू नका.
८. दर वर्षी मृगापूर्वी चर आणि पन्हळ साफ करा.

विचार करा आणि करून पाहा

१. तुमच्या घराला चारपैकी कोणते पाणी जास्त त्रास देते?
२. तुमच्या छपराची लांबी आणि रुंदी मोजा. एक इंच पावसात किती घागरी पाणी पडेल?
३. भिंतीशी एक घागर पाणी ओता. ते कुठे गेले, ते वहीत लिहा.
४. तुमच्या घरचे पाणी शेवटी कुठे जाते? वाटेत कोणाचे घर लागते? त्या घरी जाऊन त्यांना विचारा.